रेणू रंगेहाथ पकडताना

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने सापळा रचून अमुक कार्यालयातल्या तमुक बाबूला रंगेहाथ पकडले, अशी बातमी वाचल्याशिवाय आपला आठवडा सहसा जात नाही. या सापळ्याची रीत मोठी मजेची असते. तक्रारदाराने द्यायच्या नोटांना आधी अँथ्रासिन नावाची पूड चोळून ठेवतात. साध्या उजेडात ती नजरेत भरत नाही. नोटा खिशात घालणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. मग पंचांसमक्ष त्याच्या बोटांवर अतिनील किरणांचा दिवा धरला, की बोटे निळसर चकाकू लागतात आणि 'तो मी नव्हेच' म्हणायला जागा उरत नाही.

मी काही पोलीस खात्यातली नाही. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आणि पुढे शिक्षिका. पण आयुष्यातली काही वर्षे मी जवळजवळ हाच उद्योग केला. आमचा संशयित होता मेंदूतला एक प्रथिनाचा रेणू. त्याच्या हातात द्यायची नोट म्हणजे आम्ही स्वतः घडवलेले एक औषध. आणि दिवा तोच, अतिनील किरणांचा. एका बाबतीत मात्र आमचा सापळा पोलिसांच्याही पुढचा होता. अँथ्रासिनची पूड पुसता येते, झटकता येते. आमची 'पूड' दिवा लागताक्षणी संशयिताला अशी चिकटायची, की मग त्याचे तुकडे केले तरी ती सुटायची नाही.

हा उद्योग कशासाठी, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर आमच्या घरातच होते.

माझी धाकटी मावशी शाळेत गणित शिकवायची. पन्नाशी ओलांडल्यावर तिला नैराश्याने गाठले. सकाळी उठावेसे वाटेना, वह्या तपासायला घेतल्या की डोळ्यांतून पाणी यायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्या तिने इसबगोलाच्या डब्यात लपवून ठेवल्या, कारण 'डोक्याच्या गोळ्या' घरात दिसल्या तर मुलीच्या लग्नात अडचण येईल, अशी तिला धास्ती. गोळ्यांनी तिला बरे वाटू लागले, पण मनातली शंका जाईना. सुटीत मी घरी आले, तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात गाठून विचारले, "अगं, एवढीशी गोळी. जाते पोटात. तिला डोक्यात नेमकं कुठं जायचं, हे सांगतं कोण?"

"कोणीच सांगत नाही, मावशी," मी म्हटले. "ती रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. जिथे तिला बसायला जागा मिळते, तिथे बसते."

"मग ती जागा कुठली, ते सांग ना!"

गणिताच्या बाईंनी प्रश्न बरोबर जागी नेऊन ठेवला होता. जगभरचे कितीतरी रसायनशास्त्रज्ञ ज्या प्रश्नामागे लागले होते, तो हाच.

बाटल्या परत नेणारा

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप देतात, पण बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढी. एका पेशीतून विजेचा झटका त्या फटीपर्यंत आला, की तिथल्या सूक्ष्म पिशव्या फुटतात आणि रसायनाचे हजारो रेणू फटीत सांडतात. पलीकडच्या पेशीला ते जाऊन भिडले, की निरोप पोचला. सेरोटोनिन, डोपामाइन, नॉरॲड्रेनलिन ही या निरोप्या रसायनांपैकी काही नावे. आता ती वर्तमानपत्रांतून पुष्कळांच्या कानावर गेलेली आहेत.

पण निरोप पोचला एवढ्याने काम संपत नाही. शाळेची घंटा वाजवणाऱ्याला ती थांबवताही आली पाहिजे, नाहीतर तास सुरू झाला की संपला हेच कळायचे नाही. सांडलेले रसायन फटीतून झटपट उचलावे लागते. पूर्वी दुधाच्या काचेच्या बाटल्या असत. दूधवाला भरलेली बाटली ठेवायचा आणि रिकामी घेऊन जायचा, ती धुऊन पुन्हा भरली जायची. मेंदूतही तसेच आहे. ज्या पेशीने रसायन सांडले, तिच्याच पातळ आवरणात काही प्रथिने बसवलेली असतात. ती फटीतले रेणू उचलून परत आत नेतात आणि मग ते पुन्हा वापरले जातात. या प्रथिनांना इंग्रजीत ट्रान्सपोर्टर म्हणतात. आपण त्यांना वाहक म्हणू. सेरोटोनिनचा वाहक वेगळा, डोपामाइनचा वेगळा. मावशीची गोळी जाऊन बसत होती ती सेरोटोनिनच्या वाहकावर. वाहकाचे काम मंदावले, की सेरोटोनिन फटीत जरा जास्त वेळ रेंगाळते.

हा परत नेणारा कोणी असेल, हे पूर्वी कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. वापरलेले रसायन तिथल्या तिथे मोडून टाकले जात असणार, असाच समज होता. तो मोडून काढला ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनी. पोलंडहून न्यूयॉर्कला आलेल्या गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा. वडील टोपल्या विणत. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला म्हणून प्रयोगशाळेत साधी नोकरी धरली. तिथे अमोनियाची बाटली फुटून एक डोळा गेला. पीएच.डी. मिळाली तीही चाळिशी उलटल्यावर, १९५५ साली. या माणसाने १९६१च्या सुमारास किरणोत्सारी नॉरॲड्रेनलिन मांजरांना टोचून पाहिले, तेव्हा ते मोडून न जाता मज्जातंतूंच्या टोकांत जाऊन साठलेले दिसले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आधी कोकेन किंवा इमिप्रामिन दिले तर हे साठणे कमी होत होते. इमिप्रामिन हे नैराश्यावरचे त्या काळातले नवे औषध. स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी १९५७ साली त्याचा गुण जगापुढे मांडला होता. ते रुग्णाला का लागू पडते हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. ॲक्सेलरॉड यांच्या प्रयोगाने धागा हाती लागला. १९७०चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि आणखी दोघांना विभागून मिळाले.

जरा थांबून विचार केला, तर यात अंगावर काटा आणणारी एक गोष्ट आहे. घराघरांत दिले जाणारे औषध आणि माणसाला देशोधडीला लावणारे व्यसन, दोघांचे निशाण एकाच जातीच्या प्रथिनांवर. कोकेन मुख्यतः डोपामाइनचा वाहक अडवून माणसाला नादी लावते, हे १९८७ मध्ये अमेरिकेत मायकेल कुहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्याच वर्षाच्या अखेरीस सेरोटोनिनचा वाहक अडवणाऱ्या फ्लुऑक्सेटिनला तिथे परवानगी मिळाली. एकाच घराण्यातल्या दोन भावांची ही कहाणी. कोणाच्या दारात कोण, किती वेगाने आणि कसा बसतो, यावर औषध की विष हे ठरते.

परळहून स्वीडनला

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिले होते. पुढे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव १९४९ साली ब्रिटनच्या हृदयविकारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढले.

रेसर्पिनने रक्तदाब उतरायचा, पण काही रुग्ण खिन्न होत. स्वीडनच्या आर्विड कार्ल्सन यांनी १९५७ मध्ये ते सशांना टोचले, तर ससे जागच्या जागी थिजले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य दिले. डोपामाइन बनते ते याच्यापासून. थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. कंपवाताच्या रुग्णांना आज लेव्होडोपा देतात, त्याची सुरुवात या सशांपाशी आहे. कार्ल्सनना त्यासाठी २००० साली नोबेल मिळाले. रेसर्पिन नेमके काय करते, तेही पुढे उलगडले. परत आणलेले रसायन पेशीच्या आतल्या सूक्ष्म पिशव्यांत भरण्यासाठी आणखी एक वाहक असतो. रेसर्पिन त्यालाच जाम करते. दूधवाला बाटल्या परत आणतो, पण भरायचे यंत्र बंद, अशी गत.

म्हणजे एकोणीसशे साठच्या दशकात हे कळले होते, की वाहक आहेत. ते बिघडले वा अडले, की माणसाचे मन आणि चालणेबोलणे बदलते. कळत नव्हते ते एवढेच, की औषध वाहकाच्या कोणत्या भागात बसते. मावशीची 'ती जागा कुठली'.

दिव्याने जागे होणारे रेणू

तुम्ही म्हणाल, सूक्ष्मदर्शकाखाली पाहा की! पण ही प्रथिने तशी दिसणारी नव्हेत. डोपामाइनचा मानवी वाहक म्हणजे ६२० अमिनो आम्लांची एक लांबलचक माळ. पेशीच्या तेलकट आवरणातून सुईदोऱ्याने धावदोरा घालावा, तशी ती बारा वेळा आरपार गेलेली असते. आवरणातून बाहेर काढली की तिचा आकार बिघडतो. प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि आकार शोधायचा, ही एरवीची रीत इथे कित्येक वर्षे चालली नाही. या वाहकांच्या जनुकांची ओळख पटली तीच मुळी १९९०-९१ मध्ये. माळेतले मणी कोणत्या क्रमाने आहेत ते त्यामुळे कळले. माळ गुंडाळलेली कशी आहे, ते कळले नाही.

शिवाय औषध वाहकावर बसते ते कायमचे नाही. ते येते, बसते, उठते. प्रथिन धुवायला घेतले, की औषधही वाहून जाते. मग ते बसले होते कुठे, हे सांगणार कसे?

यावरचा तोडगा हार्वर्ड विद्यापीठातले फ्रँक वेस्टहाइमर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ साली एका पाचक प्रथिनावर करून दाखवला. कल्पना अशी, की रेणूच्या अंगावर एक झोपलेला भाग बसवायचा. अंधारात तो कोणाच्या वाट्याला जात नाही. रेणूला आपल्या नेहमीच्या जागी जाऊन निवांत बसू द्यायचे. मग दिवा लावायचा. प्रकाशाने तो भाग खडबडून जागा होतो आणि शेजारी जो सापडेल त्याला मिठी मारतो. ही मिठी म्हणजे पक्का रासायनिक बंध. धुऊन जात नाही, उकळून सुटत नाही. दाताच्या दवाखान्यात डॉक्टर दाढेत मऊ लेप भरतात आणि निळ्या दिव्याची कांडी धरतात, तो लेप काही सेकंदांत कडक होतो, हे अनेकांनी अनुभवले असेल. प्रकाश पडेपर्यंत थांबणारे रसायन म्हणजे काय, ते त्यावरून ध्यानात येईल.

असा रेणू घडवताना तीन गोष्टी एकत्र आणाव्या लागतात. पहिली, ओळख. रेणूचा मूळ सांगाडा असा हवा, की वाहकाने त्याला आपला मानावे. डोपामाइनच्या वाहकासाठी हा सांगाडा पुष्कळदा कोकेनच्याच घडणीचा असतो. दुसरी, ते झोपलेले हत्यार. यात तीन जाती प्रचलित आहेत. ॲझाइडमध्ये नत्राचे तीन अणू ओळीने असतात. प्रकाश पडला की दोन वायू होऊन उडून जातात आणि मागे राहिलेला एकटा नत्र हाती लागेल त्याला धरतो. बेन्झोफिनोन जरा अंगाने थोराड, पण स्वभावाने सोशिक. जागा होऊन कोणी सापडले नाही तर पुन्हा झोपतो आणि पुढच्या किरणाची वाट पाहतो. डायअझिरीन हे इवलेसे तिकोनी कडे, जागा कमी अडवते म्हणून हल्ली त्याला मागणी आहे. तिसरी गोष्ट, खूण. मिठी मारल्यावर रेणू सापडायला तर हवा! त्यासाठी किरणोत्सारी आयोडीन जोडतात. नाहीतर एखादी छोटी शेपटी ठेवतात, जिला नंतर हवा तो झेंडा बांधता येतो. हे झेंडे बांधण्याचे सोपे रसायनशास्त्र, ज्याला क्लिक केमिस्ट्री म्हणतात, त्याला २०२२चे नोबेल मिळाले.

कागदावर हे सोपे वाटते. खरी मेख अशी, की औषधाचा रेणू आधीच कुलपाच्या किल्लीसारखा नेमका असतो. त्याच्या अंगावर बंदूक आणि झेंडा लादल्यावर तो कुलपात शिरला पाहिजे. कोकेनच्या सांगाड्यावर अशी ओझी लादता येतील अशा जागा मोजक्याच. एका टोकाला नत्राचा अणू, दुसऱ्या बाजूला एस्टर, तिसऱ्या बाजूला बेन्झिनचे कडे. कुठे काय जोडले तर वाहक अजून ओळख देतो आणि कुठे तोंड फिरवतो, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

परदेशातल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम केले, तिथे आमचे कितीतरी महिने या करून पाहण्यातच जात. दहा-बारा पायऱ्या चढून एक रेणू तयार व्हायचा. कोकेनच्या जातकुळीतली द्रव्ये दुहेरी कुलपाच्या कपाटात असत आणि मिलिग्रॅममिलिग्रॅमचा हिशेब वहीत लिहावा लागे. शेवटच्या पायऱ्या दिवे मंद करून करायच्या. कुप्यांना ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळलेला, जणू डब्यात पोळ्या बांधून दिल्या आहेत. मग शिशाच्या विटांआड किरणोत्सारी आयोडीन जोडायचे. त्याचा जोर साधारण दोन महिन्यांत निम्मा होतो, म्हणून पुढची सारी धावपळ. मेंदूच्या पेशींच्या आवरणात हा रेणू मिसळायचा, अंधारात बसू द्यायचा आणि मग दिवा लावायचा. एवढे झाले की प्रथिने त्यांच्या वजनाप्रमाणे वेगळी करून, त्यांवर क्ष-किरणाची फिल्म ठेवून, ती बर्फाहून कितीतरी थंड कपाटात दिवसचे दिवस ठेवायची. फिल्म धुतल्यावर योग्य जागी काळी पट्टी उमटली, तर आपला रेणू वाहकाला चिकटला.

पण पट्टी उमटली म्हणून कोणी पेढे वाटत नसे. पोलिसांना जसे पंच लागतात, तसे इथेही लागतात. तोच प्रयोग दिवा न लावता करायचा. तेव्हा पट्टी दिसता कामा नये. मग तोच प्रयोग भरपूर साधे कोकेन आधी घालून करायचा. सगळ्या जागा कोकेनने अडवल्या असतील तर आपल्या रेणूला बसायला जागा मिळणार नाही आणि पट्टी नाहीशी व्हायला हवी. ती तरीही राहिली, तर रेणू भलत्याच ठिकाणी चिकटला आहे. हे दोन साक्षीदार अनुकूल बोलले, तरच पुढे जायचे.

दोन खुणा, एक कोपरा

डोपामाइनच्या वाहकावर अशी पहिली यशस्वी खूण उमटली १९८९च्या सुमारास. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या आयव्ही कॅरोल यांच्या गटाने आरटीआय-८२ नावाचा रेणू घडवला, तर बाल्टिमोरच्या सरकारी संस्थेत ॲमी न्यूमन यांच्या गटाने एमएफझेड २-२४ हा. दोन्ही कोकेनच्याच वंशातले. मात्र एकाचे हत्यार रेणूच्या एका बाजूला, दुसऱ्याचे दुसऱ्या बाजूला. नॉर्थ डाकोटा विद्यापीठातल्या रॉक्सॅन वॉन यांनी या रेणूंनी वाहकावर खुणा उमटवल्या, मग प्रथिनाचे तुकडे केले आणि खूण कोणत्या तुकड्यावर राहिली, हे वर्षानुवर्षे चिकाटीने शोधले. एमएफझेड २-२४ चिकटला होता बारा टाक्यांपैकी पहिल्या टाक्यावर. आरटीआय-८२ सहाव्या टाक्यावर, आणि २०१४ मध्ये तर तिथला नेमका मणीही हाती लागला.

जमीन मोजणाऱ्याला दोन खुणांचे दगड सापडले, की तो कोपरा काढतो. इथेही तसेच झाले. एकच सांगाडा एका हाताने पहिल्या टाक्याला आणि दुसऱ्या हाताने सहाव्या टाक्याला धरतो, म्हणजे तो या दोहोंच्या मध्ये बसलेला असणार. ही वाहकाच्या ऐन मध्यावरची खोबण. डोपामाइन स्वतः बसते तीही तिथेच.

तोवर दुसऱ्या वाटेने निघालेले लोकही पोचत होते. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे एरिक गुऑ यांच्या प्रयोगशाळेने २००५ साली एका जीवाणूच्या वाहकाचा आकार शोधला. २०१३ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत अरविंद पेनमत्सा या भारतीय संशोधकाने फळमाशीच्या डोपामाइन-वाहकाचे स्फटिक करून नैराश्यावरचे एक औषध त्यात बसलेले दाखवले. पेनमत्सा पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. २०१५ मध्ये माशीच्याच वाहकात कोकेन बसलेले दिसले, अगदी मधल्या खोबणीत. २०१६ साली माणसाचा सेरोटोनिन-वाहक औषधासह पाहता आला आणि २०२४ मध्ये माणसाचा डोपामाइन-वाहकही. दिव्याच्या साहाय्याने आंधळेपणाने चाचपून काढलेला कोपरा बरोबर निघाला.

या चित्रांवरून वाहकाची चालही कळली. जुन्या वाड्याला देवडी असते. बाहेरचे दार उघडून माणूस देवडीत येतो, ते दार लागते आणि मगच आतले उघडते. दोन्ही दारे एकदम उघडी राहत नाहीत. वाहक तसाच. बाहेरच्या सोडियमच्या रेट्यावर तो चालतो. कोकेन देवडीत येऊन बसते आणि बाहेरच्या दाराला पाचर मारते. आतले दार मग उघडतच नाही.

मग आता दिव्याची गरज काय?

चित्रच मिळाले, तर आता हे रेणू घडवायचे कशाला, असा प्रश्न विद्यार्थी मला विचारतात. प्रश्न योग्य आहे. पण स्फटिकातला किंवा गोठवलेला वाहक हा मेंदूतून उचलून, साफसूफ करून, फोटोसाठी बसवलेला वाहक आहे. लग्नाच्या अल्बममधल्या चेहऱ्यावरून माणूस घरात कसा वागतो ते कळत नाही. प्रकाशाने जागे होणारे रेणू खऱ्या पेशीत, खऱ्या गर्दीत चालतात. औषध आपल्या निशाणाखेरीज आणखी कोणाकोणाच्या दारात बसते, म्हणजे दुष्परिणाम कुठून येतात, हे त्यांच्याकडून कळू शकते. कोपनहेगनच्या संशोधकांनी तर २०१६ मध्ये बाजी उलटवली. औषधाऐवजी वाहकाच्याच माळेत एकेक मणी असा गुंफला, की जो प्रकाशाने जागा होतो आणि जवळ बसलेल्या औषधाला धरतो. नैराश्यावरची औषधे मधल्या खोबणीतच बसतात, याची साक्ष त्या मण्यांनी दिली.

आणि पणाला लागलेले बरेच आहे. कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलेले एकही औषध आजही नाही. डोपामाइनचा वाहक अडवणारे काही रेणू मात्र माणसाला व्यसनी करत नाहीत, किंवा फार कमी करतात. तीच देवडी, तीच अडवणूक, मग फरक कशाने? ते पाचर वेगळ्या दारात मारत असावेत, वाहकाला वेगळ्या अवस्थेत थोपवत असावेत, असे बरेच पुरावे सांगतात. हा फरक नीट समजला, तर व्यसनातून सोडवणारा रेणू घडवता येईल, या आशेवर अनेक प्रयोगशाळा चालल्या आहेत.

दाराची ओळख दुसऱ्या अंगानेही कामाला आली आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी भेसळीचे बनावट हेरॉइन टोचून घेतले आणि विशी-तिशीतच ते कंपवाताच्या म्हाताऱ्यांसारखे थिजले. त्या भेसळीतून शरीरात तयार होणारे विष डोपामाइनच्या वाहकातूनच पेशीत शिरत होते. दाराला चोर आणि पाहुणा यांत भेद करता आला नाही. उलट, त्याच दाराला ओळखणारा कोकेनच्या घडणीचा रेणू किरणोत्सारी करून आज कंपवाताच्या तपासणीत वापरतात. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत ट्रोडॅट नावाची तपासणी होते, ती याच जातीची. हात थरथरतो तो कंपवाताने की दुसऱ्या कारणाने, याचा उलगडा करायला ती डॉक्टरांना मदत करते.

मावशीला यातले जमेल तेवढे मी सांगितले. तिने देवडीची गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि गणिताच्या बाईंना शोभेल असा पुढचा प्रश्न टाकला. "दार जर गोळी घेतल्याच्या दिवशीच अडतं, तर मला बरं वाटायला महिना का लागला?"

याचे पुरते उत्तर आजही कोणाजवळ नाही. वाहक काही तासांत अडतो, मन उजळायला आठवडे लागतात. 'सेरोटोनिन कमी पडले म्हणून नैराश्य आले' हे वाक्य फार सोपे होते, आणि २०२२ मध्ये आधीच्या अभ्यासांचा मोठा धांडोळा घेणाऱ्या संशोधकांना त्याला भक्कम आधार सापडला नाही. त्याचा अर्थ गोळ्या निरुपयोगी असा मात्र नाही. त्या अनेकांना गुण देतात आणि डॉक्टरांना विचारल्याखेरीज एकाएकी बंद केल्या तर त्रास होतो. दार सापडले आहे. दार अडल्यावर घरात जे बदलत जाते, त्याचा शोध चालू आहे. नव्या पेशी, नवे सांधे, नव्या सवयी असे काहीसे असावे. त्यासाठी बहुधा वेगळे रेणू आणि वेगळे दिवे लागतील.

ते काम आता पुढच्या मुलामुलींचे. माझ्या वर्गातल्या एखादीने कपाटातली कुपी बाहेर काढताना दिवा मालवला, तर ती अंधारात का काम करते आहे, हे घरच्यांना सांगता यावे म्हणून हा लेखनप्रपंच. मावशीने त्या दिवशी उत्तर ऐकून घेतले, "म्हणजे अजून सोडवायचं आहे तर," एवढेच म्हणाली, आणि इसबगोलाच्या डब्यातली गोळ्यांची पट्टी काढून जेवणाच्या टेबलावर, मीठ-लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवून दिली.